मिटलेली केस

गुणाबाईची आणि माझी पहिली भेट भांडणातच झाली. चिंचदऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक म्हणून हजर होऊन मला दुसराच दिवस होता. चिंचदरा म्हणजे जळकोटपासून नऊ किलोमीटरवरचं, दोनशे उंबऱ्यांचं गाव. मी हजेरीपट चाळत बसलो होतो आणि एक उंच, हाडापेराची बाई ओंजळीत तुरीची डाळ घेऊन दारात उभी राहिली. पुढं येऊन तिनं ओंजळ माझ्या टेबलावर उघडली. डाळीतून किडे चालत निघाले.

"ही डाळ मी लेकरांला घालणार न्हाई. तुमी तुमच्या लेकराला घालताव का?"

मी म्हणालो, "वरून आलेला माल आहे. निवडून घ्या."

"निवडून किडं जात्यात, वास जात न्हाई," ती म्हणाली, आणि डाळीचं पोतं स्वतः ओढत आणून माझ्या खोलीत टाकलं. चौथ्या दिवशी ते पोतं मला परत पाठवावं लागलं. तेव्हापासून आमचं जमलं.

ती शाळेत खिचडी शिजवायची. नवरा लवकर वारलेला, एकुलती एक लेक किनवटकडं दिलेली. घरी एकटी. सकाळी नऊला यायची, पदर खोचायची आणि चुलीला लागायची. पासष्ट पोरांची नावं तिला पाठ होतीच, पण कोण मिरची खात नाही, कोण घरून उपाशी येतं, कोणाला दुसऱ्यांदा मागायची लाज वाटते, हेसुद्धा तिच्या डोक्यात पक्कं असे. वर्षाराणी नावाची एक पोर होती, भुजंग आणि सिंधु या शेतकरी जोडप्याची. खिचडीत मटकी पडली की ती ताट घेऊन दोनदा यायची आणि दुसऱ्यांदा येताना ओढणीत तोंड लपवायची. गुणाबाई तिच्याकडं न बघता ताट भरायची. "ह्ये दुसरंच पोरगं हाय," असं स्वतःशीच मोठ्यानं म्हणायची. सगळी पोरं हसायची.

२०१४ च्या फेब्रुवारीत हे सगळं बिघडलं.

गावात व्यंकट नावाचा माणूस होता. तेव्हा सव्विसेक वर्षांचा. तीन एकर रान, म्हातारी आई, बायको, एक तान्हं पोर. एरवी दिसायला कुणाही सारखा. पण त्याला 'नाही' हा शब्द सोसत नसे. पाण्याची पाळी, बांधावरची वाट, हॉटेलातला उशिरा आलेला चहा, कशावरूनही त्याचा हात उठायचा. गाव म्हणायचं, "रागीट हाय, पण मनानं चांगला हाय." मीही ते ऐकून मान हलवली आहे.

त्याच्या पोराच्या जावळाचं जेवण होतं. शाळेची मोठी पातेली न्यायला तो दुपारी आला. भांडी बाहेर द्यायची नाहीत हा नियम मीच केला होता, कारण परत येताना त्यांना पोचे पडलेले असायचे. गुणाबाई म्हणाली, "गुरुजींला इचारल्याबिगर देता येत न्हाई."

मी तेव्हा कार्यालयात होतो. वीस पावलांवर. त्यानं येऊन मला विचारलं असतं तर मी दिली असती. त्यानं विचारलं नाही. चुलीशेजारचं बाभळीचं जळतन उचललं आणि तिच्यावर घातलं. तिनं डोक्यावर हात धरला म्हणून डोकं वाचलं. उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. पोरं ताटं घेऊन रांगेत बसली होती. सहावीतली वर्षाराणी धावत माझ्याकडं आली. "गुरुजी, बाईला मारून राहिलाय, चला लवकर." मी पोचलो तेव्हा तो मोटारसायकलवर बसत होता. पातेली त्यानं नेली नव्हतीच.

गुणाबाईनं फिर्याद दिली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, डॉक्टरांनी फोटो काढला, हाताला प्लॅस्टर बसलं. त्या काळात तिची लेक येऊन राहिली होती. दीड महिना तिनं दुसऱ्या बाईला शिजवू दिलं, मग डाव्या हातानं पळी धरून स्वतःच उभी राहिली. मोडलेला हात नीट जुळला नाही. मनगट बाहेरच्या बाजूला वळलेलंच राहिलं.

आता सिद्धराम अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णांचं गावात किराणा दुकान. लिंगायत वाण्याचं जुनं घर, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी घेत नसत. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते आणि खरंच भले माणूस होते. भावाभावांच्या वाटण्या, सासूसुनांची भांडणं, त्यांनी दुकानाच्या पायरीवर बसून मिटवली होती. त्या वर्षी गाव तंटामुक्तीच्या बक्षिसाला उभं होतं. तपासणीचं पथक यायचं होतं आणि गावातला एकच गुन्हा कोर्टात पडून होता. गुणाबाईचा.

व्यंकटची आई अण्णांच्या पाया पडली. अण्णा मला घेऊन गुणाबाईच्या घरी गेले. म्हातारी आमच्या मागं मागं आली आणि दारातच आडवी झाली.

अण्णा म्हणाले, "गुणा, त्याला सजा झाली तर तुझा हात सरळ व्हणार हाय का? लेकरू ल्हान हाय त्याचं. गावात रोज तोंड बघायचं हाय एकमेकाचं. मोठ्या मनानं मिटवून घे. पुन्हा त्यानं वाकडी नजर केली तर जिम्मा माझा."

गुणाबाई माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमी काय म्हणताव, गुरुजी?"

तिनं मला विचारलं होतं. माझ्या नियमापायी तिचा हात गेला होता आणि तिनं मलाच विचारलं. मी म्हणालो, "अण्णा सांगतात ते विचार करण्यासारखं आहे. कोर्टात पाच-सात वर्षं जातील. तुम्ही एकट्या आहात."

तडजोडीचा मजकूर वकिलानं सांगितला आणि मी लिहिला. 'आमच्यात आता कसलाही वाद राहिलेला नाही.' ती सही शिकलेली होती. डाव्या हातानं तिला सही जमेना, म्हणून तिनं वाकड्या उजव्यानंच केली. तेवढ्याला बराच वेळ लागला.

डिसेंबरात लोकन्यायालय भरलं तेव्हा आम्ही सगळे गेलो. मांडव घातलेला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बँकांची आणि वीजबिलांची माणसं टेबलं मांडून बसलेली. आमचा पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी कागद वाचला, गुणाबाईच्या हाताकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? असेल तर सांगा. घाबरू नका."

गुणाबाईनं अण्णांकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली.

तीन मिनिटांत सगळं संपलं. व्यंकटनं तिच्या पायांना हात लावला. परत येताना अण्णांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. पुढच्या वर्षी वेशीवर तंटामुक्त गावाची निळी पाटी लागली.

व्यंकटनं गुणाबाईकडं खरंच पुन्हा वाकडी नजर केली नाही. त्याची नजर दुसरीकडं गेली.

२०१७ साली जळकोटच्या स्टँडवर केरबा नावाच्या जीपवाल्याशी त्याचं भांडण झालं. व्यंकटला पुढच्या सीटवर बसायचं होतं, केरबानं तिथं एका गरोदर बाईला बसवलं होतं. एवढंच कारण. व्यंकटनं जीपमधली लोखंडी टॉमी काढून केरबाच्या डोक्यात घातली. नऊ टाके पडले. डॉक्टरांच्या दाखल्यावर 'साधी जखम' असं आलं. केरबाच्या कानात त्या दिवसापासून सारखा आवाज येऊ लागला, पण दाखल्यावर आवाजाला जागा नव्हती.

केरबानं मिटवलं नाही. दोन वर्षं तारखा केल्या. साक्षीदार टिकवले. शेवटी तो चिंचदऱ्याला गुणाबाईला शोधत आला. शाळेच्या व्हरांड्यात बसून म्हणाला, "बाई, तुमचाबी हात त्यानंच मोडला म्हणं. कोर्टात एवढं सांगा. म्हंजी साहेबाला कळंल ह्यो पैल्यांदाच करून न्हाई राहिला."

गुणाबाईनं पळी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेली. मी रजा टाकून सोबत गेलो. सरकारी वकिलांनी तिचं ऐकून घेतलं. हातातल्या फायली सावरत ते म्हणाले, "मावशी, तुमची केस मिटली ना? तुम्हीच मिटवली. मिटलेली केस म्हणजे नसलेली केस. तो निर्दोष सुटला तेव्हा."

"पण हात मोडला ना, साहेब."

"कागदावर नाही मोडला," ते म्हणाले. टोचून बोलले नाहीत ते. त्यांना दुसऱ्या कोर्टात जायची घाई होती.

२०१९ च्या जूनमध्ये व्यंकट दोषी ठरला. पण पहिलाच गुन्हा, तरुण वय, म्हातारी आई, लहान मुलं, सुधारण्याची संधी द्यायला हवी, असं म्हणून कोर्टानं त्याला तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो स्टँडवर आला, केरबाच्या जीपच्या बोनेटवर टेकून उभा राहिला आणि हसून म्हणाला, "काय केरबा, निघायचं का?" केरबानं महिन्याभरात जीप विकली आणि हैदराबादला भावाकडं कामाला गेला.

निकालाच्या दिवशी मी आणि गुणाबाई कोर्टात होतो. परतून गावात उतरल्यावर ती म्हणाली, "पैला कोण, गुरुजी? पैली मी. मी पुसलं म्हणून केरबा पैला झाला."

मी म्हणालो, "असा विचार करू नका."

"दुसरा कसा करू, ते सांगा."



एव्हाना वर्षाराणी मोठी झाली होती. बारावी करून पोलीस भरतीच्या मागं लागलेली. आमच्याकडं गावोगावी पोरं-पोरी पहाटे रस्त्यानं पळताना दिसतात, त्यांतलीच एक. भुजंगरावांनी तिला बूट आणून दिले होते. दिवस उगवायच्या सुमाराला ती गावापासून फाट्यापर्यंत पळत जायची, पळत यायची. आठशे मीटरची वेळ एका वहीत लिहून ठेवायची आणि दर रविवारी येऊन मला दाखवायची. परतताना गुणाबाईच्या दारात थांबून तांब्याभर पाणी प्यायची. गुणाबाई तिला भिजवलेले हरभरे द्यायची. "खाकी घालून ये एकदा चुलीपाशी," म्हणायची. "कीड लागलेली डाळ घेऊन येणाऱ्याला आत टाक."

२०२१ च्या दिवाळीआधी व्यंकट त्या रस्त्यावर उभा राहू लागला. मोटारसायकल आडवी लावायची, घाण बोलायचं, ती वळून गेली की मागं गाडी काढायची. पहिले काही दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. मग आईला सांगितलं. सिंधुताई गुणाबाईकडं आल्या. गावात हे विचारायला तिच्याइतकं जाणतं दुसरं माणूस नव्हतं.

"फिर्याद द्यावी का, बाई? मालक म्हणतेत द्यावी. अण्णा म्हणतेत मी त्याला समजावतो, पोरीच्या जातीचं नाव कामून कागदावर आणताव."

गुणाबाई म्हणाली, "दे. आजच दे. अण्णाला मधी घेऊ नको. मिटवू नको, सिंधु, माझ्यासारखं मिटवू नको."

त्यांनी तक्रार दिली. पोलिसांनी व्यंकटला उचललं, दिवसभर बसवून ठेवलं, मग तहसीलला नेलं. तिथं त्यानं पुन्हा एक बाँड लिहून दिला, की मी शांततेनं राहीन. संध्याकाळी तो घरी आला.

नवव्या दिवशी सकाळी फाट्याच्या अलीकडं त्यानं तिला अडवलं. दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या एकानं लांबून पाहिलं. तिनं हातात दगड घेतला होता, मारला नव्हता. व्यंकटच्या हातात जाड काठी होती. एकच वार. तो तिच्या कानामागं बसला.

आधी जळकोट, मग उदगीर, तिथून नांदेडला नेलं. तीन दिवस ती मशीनवर होती. मी दुसऱ्या दिवशी गेलो, तर वॉर्डाबाहेरच्या फरशीवर सिंधुताई बसल्या होत्या आणि चार हातांवर, भिंतीला टेकून, गुणाबाई. दोघींत बोलणं नव्हतं. गुणाबाईनं डबा आणला होता. तो तसाच बंद होता. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले. भुजंगराव उभे राहिले आणि डॉक्टरांनी काही बोलायच्या आधीच पुन्हा खाली बसले.

माती झाल्यावर गुणाबाई शाळेत आली नाही. मी घरी गेलो. ती चुलीपुढं बसली होती, चूल पेटलेली नव्हती.

"मी मिटवलं म्हणून त्यो सुटला," ती म्हणाली. "आन् मी फिर्याद दे म्हणाले म्हणून त्यानं तिला मारलं. दोन्हीकडून मीच की, गुरुजी. मी कुठल्या बाजूनं उभी राहायला पायजे हुते?"

"मारलं त्यानं, गुणाबाई. तुम्ही नाही."

"त्ये मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पण त्यानं काय व्हतंय?"

खिचडीचं काम तिनं सोडलं. लॉकडाऊननंतर शाळा परत नियमित सुरू झाली तेव्हा दुसरी बाई ठेवावी लागली. पोरं काही दिवस तिच्या दारात जाऊन बसायची, मग जायची थांबली.

खटला अडीच वर्षांहून जास्त चालला. व्यंकट तेवढा काळ आतच होता. दूधवाल्यानं साक्ष दिली, ती फिरवली नाही, हे मला आजही मोठं वाटतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला. तोवर मी निवृत्त होऊन लातुरात राहायला आलो होतो, पण त्या दिवशी गेलो. भुजंगराव, सिंधुताई, अण्णा, गुणाबाई, सगळे होते. कोर्टानं त्याला दोषी धरलं, पण खुनासाठी नाही. हत्यार म्हणजे काठी. वार एकच. भांडण ऐनवेळी झालेलं, मुलीच्या हातातही दगड. जीव घेण्याचा हेतू सिद्ध होत नाही.

मग न्यायाधीशांनी विचारलं, "शिक्षेबद्दल आरोपीला काही सांगायचंय?"

व्यंकट हात जोडून म्हणाला, "साहेब, माय म्हातारी हाय. पोरं शिकून राहिलेत. चूक झाली. दया करा."

सरकारी वकील उठले, म्हणाले की आरोपीला आधीही एकदा दोषी ठरवलेलं आहे. बचावाचे वकील म्हणाले, केरबाच्या केसमधल्या बाँडची मुदत संपली आहे आणि मुदतीत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, तसा अहवाल आहे. खरं होतं ते. त्या दोन वर्षांतलं बरंचसं लॉकडाऊनमध्ये गेलं होतं. भांडायला रस्त्यावर माणूसच नव्हता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून गुणाबाई उठली. शिपाई तिच्याकडं गेला, पण ती पुढं आलीच.

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही या खटल्यात कोण?"

"मी पैली हाय, साहेब," ती म्हणाली.

त्यांना कळलं नाही. तिनं उजवा हात वर केला, पदर मागं सारला, वाकडं मनगट दाखवलं. "हिच्या आदी केरबा, त्याच्या आदी मी. ह्यो माणूस पैल्यांदा दया मागून न्हाई राहिला. पैली दया मी केली. ती पोर तवा बारा वर्साची हुती. माझ्या हातचं खायची."

न्यायाधीशांच्या हातातला पेन थांबला होता. ते हळू म्हणाले, "बाई, तुमचं दुःख मला समजतं. पण ते या खटल्याच्या कागदावर नाही. मला कागदावर आहे तेवढंच बघता येतं. बसा."

ती बसली. सात वर्षांची शिक्षा झाली. पावणेतीन वर्षं भोगलेली वजा. उरलेल्यात चांगल्या वागणुकीची सूट मिळणार. भुजंगरावांनी वकिलाला पुन्हा पुन्हा विचारलं, "म्हंजी किती राहिली, साहेब? नेमकी किती?" अपील दाखल केलं आहे. त्याचा नंबर अजून लागलेला नाही.

परतताना आम्ही एकाच जीपमध्ये होतो. बरंच अंतर गेल्यावर गुणाबाई सिंधुताईंना म्हणाली, "सिंधु, मला माफ कर म्हणणार न्हाई मी. पण तू कायतरी बोल. तीन वर्सं झाली, तू माझ्याशी बोलून न्हाई राहिलीस."

सिंधुताई बाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "काय बोलू, बाई? तुमी मिटवलं, तवाबी त्यो सुटला. केरबानं न्हाई मिटवलं, तवाबी सुटला. आमी तुमचं ऐकून फिर्याद दिली, तर बाँड लिहून घरी आला. माझी पोर मेली, तरी त्यो येणारच हाय. गावानं तुमच्याकडून सही घेतली, म्हाईत हाय मला. पण सही तुमची हुती. मला रोज वाटतं ती नसती तर. आन् रोज वाटतं, नसती तरी काय झालं असतं."

पुढच्या सीटवर अण्णा होते. त्यांच्या खांद्याकडं पाहिल्यावर मला कळलं की ते रडतायत.

मला वाटलं होतं, इतकं झाल्यावर गाव बदलेल. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी जमादार एक कागद घेऊन गावात आला. व्यंकटची आई अंथरुणाला खिळली होती आणि त्यानं तुरुंगातून रजेचा अर्ज केला होता. तो गावात आला तर कुणाची हरकत आहे का, एवढंच पोलिसांना लिहून न्यायचं होतं. पारावर बसून लोकांनी जबाब दिले. कुणी भीतीनं, कुणी म्हातारीकडं बघून. हरकत नाही. अण्णांनीही तेच लिहून दिलं.

हे मला गुणाबाईनंच फोनवर सांगितलं. ती अण्णांच्या दुकानात गेली होती. अण्णा म्हणाले, "म्हातारी मरायला टेकलीय, गुणा. लेकाचं तोंड बघू द्यावं."

गुणाबाई म्हणाली, "अण्णा, तुमी लई चांगलं माणूस हाव. गावात तुमच्याएवढं चांगलं कुणी न्हाई. पण तुमच्या चांगुलपणाची किंमत कदीच तुमाला पडली न्हाई. ती मला पडली, केरबाला पडली, भुजंगरावाच्या पोरीला पडली."

अण्णा म्हणाले, "मग काय करू? निर्दय होऊ का?"

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "मीबी अडाणीच हाय ह्याच्यात."

भुजंगरावांनी हरकत लिहून दिली, गुणाबाईनं दिली. दोनच. रजा मंजूर झाली. व्यंकट तीन आठवड्यांसाठी गावात आला. पहिल्या दिवशी गुणाबाईनं एक पिशवी भरली, घराला कुलूप लावलं आणि सिंधुताईंच्या घरी जाऊन ओसरीत बसली. सिंधुताईंनी 'या' म्हटलं नाही. 'जा'ही म्हटलं नाही. संध्याकाळी ताट वाढलं. तीन आठवडे ती तिथंच राहिली, झाडलोट केली, भाकऱ्या थापल्या, सिंधुताई रानात निघाल्या की मागून चालली. व्यंकट एकदा समोरून गेला. त्यानं नमस्कार केला म्हणे. दोघींनी उत्तर दिलं नाही. तो रजा संपवून वेळेवर परत गेला. चांगल्या वागणुकीत तेही धरलं जाईल.

म्हातारी दिवाळीत वारली. संक्रांतीनंतर भुजंगराव आणि सिंधुताईंनी रान बटईनं दिलं आणि नांदेडला निघाले. तिथं एका शाळेच्या वसतिगृहावर भुजंगरावांना पहारेकऱ्याचं काम लागलं आहे. टेम्पोत सामान चढवायला मी गेलो होतो. पलंग, धान्याच्या कोठ्या, शिलाई मशीन. वर्षाराणीची वही सिंधुताईंनी पिशवीत नीट ठेवलेली मी पाहिली. गुणाबाई सगळं उचलू लागली, डाव्या हातानं. टेम्पो सुरू झाल्यावर सिंधुताई एकदम खाली उतरल्या, तिच्या गळ्यात पडल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला.

टेम्पो गेल्यावर मी गुणाबाईबरोबर तिच्या घरापर्यंत चालत गेलो. तिनं चहा ठेवला. मी म्हटलं, "तुम्हीही लेकीकडं किनवटला जा. पुढच्या वर्षी तो सुटून येईल. एकट्या कशाला राहता? भीती नाही वाटत?"

"वाटती की. लई वाटती," ती म्हणाली. "पण त्याची वाटती तेवढीच न्हाई, गुरुजी. उद्या त्यो आणिक कुणाला मारंल. मग अण्णा येतील, तुमी यालाव, त्याची पोरं येऊन पायावर पडतील. आन् त्या बाईला तुमी सगळे मिळून म्हणालाव, मोठ्या मनानं मिटवून घे. तवा तिच्या घरात बसायला कुणीतरी पायजे."

तिनं कप माझ्यापुढं ठेवला. मी चहा पिऊन कप विसळला आणि तिच्या चुलीशेजारी पालथा ठेवला.